नागपूरचे दगड जगाला दाखवणारे हिस्लॉप

नागपुरात हिस्लॉप हे नाव ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कॉलेजात आपण नसलो तरी आपला मोठा भाऊ, शेजारी नाहीतर मेहुणा शिकलेला असतो. पण हिस्लॉप कोण होते असे विचारले, तर कॉलेज काढणारे कोणी पाद्री असतील, एवढ्यावर उत्तर थांबते. तेही पुरते बरोबर नाही. कॉलेज १८८३ सालचे आणि स्टीफन हिस्लॉप वारले १८६३ मध्ये. त्यांनी काढली होती ती शाळा. आणि शाळा, प्रवचने, दौरे हे सगळे सांभाळून त्यांनी जे दुसरे काम केले, त्यामुळे त्यांचे नाव आज ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्याही वहीत असते. ते काम होते दगड वेचण्याचे.

आरोग्याच्या सदरात दगड कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे एक उत्तर पुढे येईलच. दुसरे असे की या भागातल्या खडकांचा पहिला अभ्यास आमच्याच पेशातल्या लोकांनी केला. लॅम्बटन यांची प्रसिद्ध त्रिकोणमितीय मोजणी हिंगणघाटपर्यंत आली आणि १८२३ मध्ये लॅम्बटन तिथेच वारले. त्या मोजणीबरोबर हेन्री व्हॉयसी नावाचे सर्जन होते. रुग्ण तपासता तपासता त्यांनी खडकही तपासले. सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांनी लिहिलेला लेख त्यांच्या मृत्यूनंतर १८३३ मध्ये छापला गेला, आणि गाविलगडच्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे अवशेष त्यांनीच पाहिले. त्यांच्यानंतर आले मद्रास फौजेचे सर्जन जॉन माल्कमसन. बेरीबेरी या रोगावर त्यांचा ग्रंथ आहे, आणि दख्खनच्या पूर्व कडेवरच्या जीवाश्मांवर लेखही आहे. त्या काळी डॉक्टरच्या शिक्षणात वनस्पती, प्राणी, खनिजे सगळेच येत असे. आता आम्हाला मूतखड्यापलीकडचा दगड ओळखता येत नाही.

हिस्लॉप मात्र डॉक्टर नव्हते. ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहान गावी त्यांचा जन्म झाला. वडील गवंडी, दगडी बांधकाम करणारे. धर्मशास्त्र शिकून ते फ्री चर्चचे मिशनरी झाले. डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईला उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोचले. तेव्हा नागपूर भोसल्यांचे राज्य होते आणि गादीवर तिसरे रघुजी होते. कामठीला इंग्रजांची छावणी होती. आगगाडी नागपूरला यायला अजून बावीस वर्षे होती. हिस्लॉप मराठी शिकले, शाळा उघडली. धर्मांतरावरून शहरात तंटे झाले, विरोध झाला. तो इतिहास वेगळा आहे आणि त्यावर मतेही वेगळी आहेत. मला सांगायचे आहे ते त्यांच्या फिरण्याविषयी.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाचा नाद. खेडोपाडी जाताना वाटेत दिसेल तो दगड उचलून पाहायचा, फोडायचा, खिशात टाकायचा. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेला टाकळीजवळ त्यांना जे सापडले त्याने दोघांना वेडच लावले. आजची पोलीस लाइन टाकळी, गिट्टीखदान, सेमिनरी हिल्स हा तो परिसर. गिट्टीसाठी जिथे काळा पाषाण फोडला जातो, तिथेच दोन काळ्या थरांच्या मध्ये एक पातळ, फिकट थर आहे. त्यात गोगलगायींची कवचे होती, दगड झालेली फळे आणि बिया होत्या, लाकूड होते, माशांचे खवले होते आणि भुंग्यांच्या पाठीवरचे कडक पंखसुद्धा होते.

याचा अर्थ काय ते थोडक्यात सांगतो. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एकदाच आला नाही. एक लोट आला, थंड झाला, मग बराच काळ शांतता. त्या शांततेत वर तळी साचली, झाडे उगवली, गोगलगायी आल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळ्यासकट सगळे झाकून गेला. टाकळीचा तो फिकट थर म्हणजे त्या मधल्या काळातल्या तळ्याचा गाळ. व्हॉयसी आणि माल्कमसन यांनी असे थर पाहिले होते, पण नागपूरच्या वेशीवर इतके भरगच्च भांडार असेल याची कल्पना कोणालाच नव्हती.

इथून पुढे हिस्लॉप यांचा जो गुण दिसतो, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आपल्याला काय ओळखता येते आणि काय येत नाही, याची त्यांना पक्की जाण होती. ते नागपुरात बसून होते. जवळ ग्रंथालय नाही, संग्रहालय नाही, तुलनेला दुसरा नमुना नाही. म्हणून त्यांनी आपले दगड जाणकारांकडे पाठवायला सुरुवात केली. नागपूरहून मुंबईपर्यंत बैलगाडी आणि पुढे जहाज. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. एका पेटीचे उत्तर यायला कित्येक महिने लागत.

आम्ही डॉक्टर लोक रोज हेच करतो. गाठीचा तुकडा काढतो आणि विकृतिशास्त्राच्या विभागाकडे पाठवतो. तुकडा पाठवणे सोपे असते. अवघड असते सोबतचा कागद नीट भरणे: कुठून काढला, किती खोल होता, शेजारी काय होते. तो रकाना कोरा राहिला की तपासणारा कितीही विद्वान असो, त्याचे हात बांधलेले राहतात. मी गेली तीस वर्षे निवासी डॉक्टरांना हे ओरडून सांगतो आहे. हिस्लॉप यांच्या लेखांतून तो रकाना भरलेला दिसतो. गाव कोणते, थर कोणता, त्याच्या वर कोणता खडक आणि खाली कोणता, हे सारे त्यात आहे. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरचा मोठा लेख छापून आला. इथल्या भूगर्भशास्त्राचा पाया त्यात घातला गेला.

या पेट्या कोणाकोणाकडे गेल्या ते पाहिले तर डॉक्टरांची एक फौजच समोर येते. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर मांगली गावाजवळ एक कवटी मिळाली. ती लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी तपासली. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन, मुळात वैद्यक शिकलेले शरीररचनाशास्त्रज्ञ. कवटी एका नामशेष उभयचराची निघाली आणि तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव मिळाले. आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा तो प्राणी आजच्या हिशेबाने सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच मांगलीच्या दगडातले इवलेसे शिंपलेवाले जीव रूपर्ट जोन्स यांनी तपासले आणि एका जातीच्या नावात मांगली कायमचे कोरून ठेवले. जोन्स पूर्वी डॉक्टरकी करत. नंतर ते त्याच सोसायटीचे सहायक सचिव झाले.

टाकळीजवळचे एक हिरवट खनिज डब्लिनला सॅम्युअल हॉटन यांच्याकडे गेले. १८५९ मध्ये त्यांनी त्याचे नाव ठेवले हिस्लॉपाइट, आणि दुसऱ्या एका खनिजाचे हंटेराइट. हे हॉटन भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक असतानाच वैद्यक शिकायला बसले आणि १८६२ मध्ये पदवी घेते झाले. फाशी देताना माणूस तडफडू नये म्हणून दोर किती लांब असावा, याचे गणित मांडणारे म्हणून ते आमच्या न्यायवैद्यकात ठाऊक आहेत. मुंबईत फौजेचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर होते. नागपूरच्या तलावांतल्या एका सूक्ष्म, जाळीसारख्या वसाहतीने राहणाऱ्या प्राण्याला त्यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया हे नाव दिले. (ग्रेच्या अॅनाटॉमीतली चित्रे काढणारे कार्टर ते हे नव्हेत. तेही मुंबईत होते, त्यामुळे घोटाळा होतो.) कीटकांचे पंख अँड्र्यू मरे यांनी पाहिले, वनस्पती चार्ल्स बनबरी यांनी.

आता पैशांची गोष्ट. या साऱ्याला कोणी अनुदान दिले नव्हते. हिस्लॉप यांना मिशनचा पगार होता, तो शिकवण्यासाठी आणि धर्मप्रसारासाठी. फिरणे त्याच कामाच्या निमित्ताने होई. दगड त्यातून वेळ काढून गोळा व्हायचे. त्याच सुमाराला, १८५१ मध्ये, कंपनी सरकारने टॉमस ओल्डहॅम यांना आणून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू केले. कारण सरळ होते: कोळसा हवा होता. सरकारला कोळशासाठी भूगर्भशास्त्र हवे होते आणि टाकळीच्या गोगलगायींसाठी कोणी दमडी देणार नव्हते. पण दोन्ही गोष्टी एकाच शास्त्राच्या. कोळशाचा थर कुठे असेल हे त्याच्या शेजारच्या खडकाच्या वयावरून कळते आणि वय कळते ते जीवाश्मांवरून.

त्या वयाबाबत मात्र हिस्लॉप चुकले. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे मिळाले होते. त्यात सर्वांत ठळक ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराचे पान. ग्लॉसायटिस म्हणजे जिभेची सूज हे ज्यांना माहीत आहे त्यांना नाव लगेच उमगेल. हे खडक आणि कोळसा ज्युरासिक काळातले, असे हिस्लॉप यांनी मांडले. प्रत्यक्षात ते पर्मियन काळाचे, त्याहून काही कोटी वर्षे जुने. टाकळीचा थरही त्यांनी खरा आहे त्यापेक्षा तरुण धरला. या चुका त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या. ज्युरासिक, पर्मियन हे सारे मापच युरोपच्या खडकांवर घडले होते आणि ग्लॉसॉप्टेरिस युरोपात नव्हतेच. जो रोग तज्ज्ञाने आपल्या देशात कधी पाहिलाच नाही, त्यावर त्याचे मत किती धरायचे? अगदी याच पानावरून तिकडे ऑस्ट्रेलियातही कोळशाच्या वयाचे भांडण चालू होते. पुढे तिथले खडक आणि आपले खडक एकमेकांशेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा उलगडा होत गेला.

हिस्लॉप यांचा दुसरा छंद माणसांचा होता. गोंडांच्या गावात जाऊन त्यांची भाषा, शब्द, चालीरीती ते टिपून घेत. परधानांनी गायलेले लिंगोचे लांबलचक गीत त्यांनी लिहून घेतले. या नोंदी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत.

१८५५ मध्ये हंटर प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले. तिकडे त्यांनी सात खंडांचा इंग्रजी शब्दकोश रचला. हिस्लॉप इथे राहिले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढल्या वर्षी रिचर्ड टेम्पल त्याचा कारभार पाहू लागले. जिज्ञासू अधिकारी. दोघांचे जमले.

१८६३ चा सप्टेंबर. बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट येथे प्राचीन काळची शिळावर्तुळे आहेत, म्हणजे मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली दफने. ती पाहायला टेम्पल आणि हिस्लॉप ४ सप्टेंबरला गेले. बाकीची मंडळी तळावर परतली. हिस्लॉप शाळा तपासण्यासाठी मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. विदर्भातले ओढेनाले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी संध्याकाळी गळ्याशी येते. रात्री घोडा एकटाच तळावर आला. लोक शोधायला धावले, तेव्हा फुगलेल्या नाल्यात त्यांचा मृतदेह मिळाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते. पावसाळ्यात पूल ओलांडताना वाहून गेलेल्यांची शवविच्छेदने आम्ही दरवर्षी करतो. दीडशे वर्षांत पूल वाढले, वाहनेही वाढली, पण वाहत्या पाण्याचा जोर ओळखण्याची अक्कल तेवढीच राहिली.

टेम्पल यांनी हिस्लॉप यांचे कागद गोळा करून १८६६ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. गोंडांविषयीच्या त्या नोंदी अशा वाचल्या. आणि सहा वर्षांनी एक गंमत झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या सगळ्या कोळसा असलेल्या थरांना एक नाव सुचवले: गोंडवन. ते छापील स्वरूपात पहिल्यांदा आणले ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी, १८७६ मध्ये. तेही वैद्यक शिकलेले! १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडवर्ड झ्यूस यांनी तोच शब्द उचलून दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाभूमीला गोंडवनलँड म्हटले. गोंडांची गाणी आणि गोंडवनाचे दगड एकाच माणसाने गोळा केले होते, पण हा शब्द त्या अर्थाने ऐकायला तो माणूस उरला नव्हता.

कामठीच्या बाजूने मिळालेल्या पट्टीसारख्या एका लांब पानाला बनबरी यांनी १८६१ मध्ये हिस्लॉप यांचे नाव दिले होते. नोगेराथिऑप्सिस हिस्लॉपी. तीच जात पुढे ब्राझीलमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात नोंदली गेली. एकच झाड इतक्या दूरच्या खंडांवर कसे? दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीतले डॉक्टर एडवर्ड विल्सन यांनी बिअर्डमोर हिमनदीजवळ दगड वेचले. भुकेने, थंडीने मरायला टेकलेली ती माणसे सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत ओढत राहिली. मृतदेहांजवळ मिळालेल्या त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस होते. केंब्रिजच्या सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्याचे वर्णन छापले. खंड सरकतात हे त्याच सुमारास आल्फ्रेड वेगेनर सांगू लागले होते, आणि हे पान त्यांच्या बाजूचा मोठा साक्षीदार ठरले.

याच सीवर्ड यांच्याकडे शिकायला एक भारतीय विद्यार्थी गेला होता. बिरबल साहनी. दोघांनी मिळून भारतातल्या गोंडवन वनस्पतींची फेरतपासणी केली, ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. साहनी परत आले आणि नागपूर-छिंदवाडा भागातल्या लाव्हांमधल्या थरांकडे वळले. स्वतःचा पैसा घालून त्यांनी लखनौला पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभारली. १९४९ च्या एप्रिलमध्ये तिची कोनशिला बसली आणि आठवडाभरात साहनी गेले. पण संस्था राहिली. इथे मला हिस्लॉप यांच्या पत्रव्यवहारातली उणीव दिसते. पेट्या नागपूरहून जायच्या, नावे तिकडून यायची. हिस्लॉप, हंटर, माल्कमसन, प्रिन्सेप अशी साहेबांची नावे गोगलगायींना आणि शिंपल्यांना मिळाली. वर आलेल्या नावांत इथल्या एकाही माणसाचे नाव नाही. शिकलेला माणूस इथेच तयार व्हावा, तपासणी इथेच व्हावी, हे घडायला साहनींपर्यंत वाट पाहावी लागली.

टाकळीचे महत्त्व तर पुढे वाढतच गेले. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाच्या आसपासचा, हे १९८० च्या दशकात फ्रेंच आणि भारतीय संशोधकांच्या कामातून पुढे आले. त्यात खडकांच्या मोजमापांबरोबर नागपूरच्या थरांतले माशांचे दातही साक्षीला होते. मिशनरी ज्यात गोगलगायी वेचत होते, तो गाळ जगातल्या एका महासंहाराच्या वेळेचा निघाला.

आता आरोग्याचे उत्तर. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांतून आमच्याकडे पिवळट, खडबडीत दातांची मुले येतात. पाठ न वाकणारी, गुडघे वाकडे झालेली मोठी माणसे येतात. पाण्यातला फ्लोराइड. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे हाडांवर परिणाम सुरू होतो, आणि एकदा हाडे बिघडली की माझ्याकडे औषध नाही. औषध आहे ते भूगर्भशास्त्रज्ञाकडे: बोअर किती खोल गेली, कोणत्या खडकातून गेली, शेजारच्या कोणत्या थरातले पाणी सुरक्षित आहे. हा माणूस तालुक्याला हवा. तो तयार करायचा तर कॉलेजातला विभाग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्याला रानात नेणारी सहल, या तिन्हींना पैसा लागतो. आणि खर्च कापायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा सहलीवर पडते, हे आमच्या वैद्यकीय शिक्षणातही मी पाहिले आहे.

नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे. हिस्लॉप वारले त्याच वर्षी सुरू झालेला अजब बंगला आहे. पण ब्रॅकिऑप्सची ती कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मांगलीला उद्या दुसरी कवटी मिळाली, तर तुलनेसाठी आपल्या विद्यार्थ्याला तिकडे जावे लागेल, आणि त्याच्या विमानाच्या तिकिटाचा प्रश्न आधी सुटावा लागेल. टाकळीची शेते शहरात गेली. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये अशा जागा जपण्यासाठी कायद्याचा मसुदा जाहीर केला होता. टाकळघाटची शिळावर्तुळे मात्र नशीबवान निघाली. १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तिथे आणि शेजारच्या खापा येथे उत्खनन केले. दगडांच्या वर्तुळांखाली लोखंडाची हत्यारे निघाली, तांब्याच्या वस्तू निघाल्या, घोड्याचा साजही निघाला. त्याचा अहवाल १९७० मध्ये विद्यापीठानेच छापला.